चारशे बारा फोन, चार डिस्क

आमच्या घरात चार हार्ड डिस्क आहेत आणि चारही ठणठणीत आहेत, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो. कारण श्रीफळ अपार्टमेंटमध्ये अजूनही असंच बोललं जातं की कृष्णकांतजींच्या, म्हणजे माझ्या, डिस्क उडाल्या. एकही उडाली नाही. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत त्यांतल्या एकीलाही साधी सर्दी झालेली नाही. जे झालं ते वेगळंच झालं आणि त्यात डिस्कांचा काडीचाही दोष नव्हता. दोष कोणाचा होता हे पुढे येईलच, मला ते इतक्यात लिहायची घाई नाही.

मी एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. खात्याचं नाव सांगत नाही, कारण पेन्शन तिथूनच येते. चौतीस वर्षं कागद सांभाळले. त्यामुळे घरात काहीही जपून ठेवायचं असलं की ते काम आपोआप माझ्याकडे येतं. म्हणजे येतं असं मी मानतो. वंदना, माझी बायको, तिच्या महत्त्वाच्या वस्तू मला न सांगता तांदळाच्या डब्यात ठेवते आणि त्या तिला दर वेळी सापडतात, हा भाग वेगळा.

जपून ठेवायचे होते ते माझ्या वडिलांचे फोन. बापूजी भिवापूरला राहत आणि आठवड्यातून एकदोनदा सकाळी अकराला मला ऑफिसात फोन करत. माझ्या त्या वेळच्या मोबाइलमध्ये प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होण्याची सोय होती. ती आपोआपच चालू झाली होती आणि बंद कशी करायची ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बापूजी जाऊन दोन वर्षं झाली. घराला कुलूप लावून आईला आम्ही नागपूरला आणलं आणि तिच्यासोबत आली दोन लुगडी, एक पानाचा डबा आणि माझ्या मोबाइलमधले हे चारशे बारा फोन.

रोज साडेचारला आई चहाचा कप घेऊन बसते. ऐकायला कमी येतं म्हणून कानांवर मोठे हेडफोन लावते आणि एक फोन ऐकते. रोज एकच. बरं, नुसतं ऐकत नाही, उत्तरं देते. "अहो, वीस नाही, बावीस पोते होते," असं ती कपाकडे पाहून सांगते. मधेच कपाळाला हात लावते, मधेच पदर तोंडाला लावून खुदकन हसते. मी कधी सोबत बसून ऐकलं नाही. ते सगळे फोन मला आलेले होते आणि माझ्या आठवणीप्रमाणे त्यांत मिरचीचे भाव सोडले तर मला बोलणीच होती. निवृत्तीनंतर तीच बोलणी पुन्हा खावीत असं कोणत्याही नियमात नाही.

तर एक दिवस तो मोबाइल वंदनाच्या भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीत पडला. तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर तो शुद्धीवर आला. पण ते तीन दिवस आई साडेचारला हेडफोन लावून नुसतीच बसली होती. मी म्हटलं, अगं, त्यात आवाज नाही. ती म्हणाली, "माहीत आहे मले." तेव्हाच मी ठरवलं की आता याची कायमची, पक्की, सरकारी दर्जाची व्यवस्था करायची.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर रोशनीताई राहते. एका कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर तिच्या हाताखाली असतात. तिला विचारलं तर तिने मोबाइल हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "काका, हे सगळं एका पेन ड्राइव्हवर मावते. दोन घ्या. एक घरी ठेवा, एक तुमच्या बहिणीकडे देऊन द्या. झालं." मला हे फार लागलं. सहा वर्षांचे बापूजी आणि त्यांना अंगठ्याएवढ्या वस्तूत बसवायचं. शिवाय बहिणीकडे म्हणजे भंडाऱ्याला. तिच्याकडे मी दिलेला ओला नारळही टिकत नाही.

समोरच्या फ्लॅटमधले अनंतराव मात्र योग्य माणूस भेटल्यासारखे बोलले. ते एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाले आहेत आणि त्यामुळे त्यांना कोणतीही गोष्ट लहान दिसत नाही. ते म्हणाले, चार डिस्कांची जुडी करा. याला रेड म्हणतात. माहितीचे तुकडे करून चारही डिस्कांवर अशा बेताने वाटायचे की एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं काम भागवतात. मला हे एकदम पटलं. एक माणूस रजेवर गेला म्हणून टेबल बंद पडत नाही, ही सोय मी आयुष्यभर शोधत होतो.

पण ही जुडी सांभाळणार कोण, यावरून आमचा सकाळचा फिरायला जाणारा गट सरळ दुभंगला. अनंतरावांचा पक्ष हार्डवेअरचा. त्यांचं म्हणणं, डब्यात या कामासाठी एक वेगळं कार्ड बसवायचं, कोणता तुकडा कुठे ठेवायचा ते फक्त ते कार्ड बघेल, बाकी कोणी लुडबूड करायची नाही. बँकेत असंच होतं. रोशनीताईचा पक्ष सॉफ्टवेअरचा. ती म्हणाली, एवढं करायचंच असलं तर कार्डबिर्ड नको, कॉम्प्युटरचीच प्रणाली हे काम फुकटात करते. डबा मेला तर चारही डिस्क काढून दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरला लावा, कोणत्याही क्रमाने लावा, त्या एकमेकींना ओळखतात. या दोन पक्षांत निवृत्त मुख्याध्यापक, एक होमिओपॅथ आणि पहिल्या मजल्यावरचा पनीरवाला असे सगळे वाटले गेले. पनीरवाला हार्डवेअरकडे गेला, कारण हार्डवेअर हाताला लागतं. मुख्याध्यापक तटस्थ राहिले आणि दोन्ही पक्षांचे चहा पीत राहिले.

निर्णय अर्थातच मी घेतला आणि तो अनुभवाच्या जोरावर घेतला. हार्डवेअर म्हणजे त्या कामासाठी नेमलेला स्वतंत्र अधीक्षक. सॉफ्टवेअर म्हणजे आहे त्याच कारकुनाकडे दिलेला अतिरिक्त कार्यभार. चौतीस वर्षांत मी अतिरिक्त कार्यभाराचं काय होतं ते पाहिलं आहे. मी रोशनीताईला हा दाखला दिला तेव्हा ती म्हणाली, "काका, अधीक्षक मेला तर त्याचं रजिस्टर कोणाले वाचता येते?" मी म्हटलं, अधीक्षक मरत नाहीत, त्यांची बदली होते. गटात सगळे हसले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

सीताबर्डीला जुने सर्व्हर विकणाऱ्या पुष्करकडून मी एक डबा आणला. डबा म्हणजे लहान मुलाच्या उंचीचा, काळा आणि चारही डिस्क समोरून सरकवायच्या अशी खणांची रचना. त्यातलं कार्ड पुष्करच्या मते इतकं उत्तम होतं की कंपनीने पुन्हा तसं बनवलंच नाही. या वाक्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात यायला हवा होता. अनंतरावांनी दोन दिवस बसून सगळं जोडून दिलं. बापूजी त्यात गेले आणि मोठ्या कोठारात एक वाटी तूर ठेवावी तसे एका कोपऱ्यात पडून राहिले. आईला एक टॅबलेट दिला. त्यावर बोट लावलं की डब्यातून फोन सुरू होई. मी प्रत्येक डिस्कवर डिंकाने चिठ्ठी लावली: १/४, २/४, ३/४, ४/४. मग मोबाइल बदली योजनेत देऊन टाकला आणि फोन डब्यात न्यायला वापरलेला पेन ड्राइव्ह पुसून वंदनाला दिला. अस्सल प्रत एकच असावी, इकडेतिकडे फुटकळ नकला फिरू नयेत, हे माझं जुनं तत्त्व.

डबा चालू झाला आणि पंख्याचा आवाज सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्या यमुताईंना वाटलं की आम्ही पिठाची गिरणी टाकली. त्यांनी सोसायटीकडे अर्ज केला. सेक्रेटरींनी मला नोटीस दिली की आपण निवासी सदनिकेत व्यावसायिक स्वरूपाचं यंत्र चालवता, तरी सात दिवसांत खुलासा करावा. खुलासा लिहिणं हा माझा प्रांत. मी अडीच पानांचा खुलासा दिला, सोबत परिशिष्ट अ आणि ब. त्यावर सेक्रेटरींनी विचारलं की यंत्रात नेमकं काय आहे. मी लिहिलं, "वडील." पुढे पत्रव्यवहार आला नाही.

मग मे महिना आला. नागपूरच्या मे महिन्यात माणसाला सावली मिळत नाही, तिथे डब्याचं कोणाला पडलेलं. पण अनंतराव म्हणाले, कार्ड तापलं तर गेलं. म्हणून घरातला एकुलता एक कूलर आम्ही डब्याच्या खोलीत लावला आणि मी, वंदना आणि आई तिघं हॉलमध्ये पंख्याखाली झोपलो. वंदना एवढंच म्हणाली की मामंजी हयात असताना त्यांना कधी कूलर आवडला नाही, आता बरा चालतो. मी या वाक्याकडे दुर्लक्ष केलं.

असे मे, जून, जुलै गेले. एकही डिस्क गेली नाही. मी रोज सकाळी चारही हिरवे दिवे पाहून वहीत सही करत होतो. मग नवरात्र आलं आणि नवमीला माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला.

आमच्या ऑफिसात खंडेनवमीची शस्त्रपूजा मीच करत असे. टाइपरायटर होते तोवर टाइपरायटर, नंतर कॉम्प्युटर, शिक्के, स्टेपलर, सगळं पाटावर मांडून. घरी डबा आल्यावर ही पहिली नवमी. वंदना म्हणाली, डब्याला बाहेरूनच फूल वाहा आणि मोकळे व्हा. पण शस्त्र म्यानात ठेवून कोणी पूजा करतं का. मी डबा बंद केला, चारही डिस्क खणांतून काढल्या, पाटावर ओळीत मांडल्या. पूजेची वस्तू स्वच्छ हवी म्हणून ओल्या फडक्याने पुसल्या. पुसताना चिठ्ठ्या निघून आल्या. हरकत नाही म्हटलं, क्रम माझ्या डोक्यात आहे. प्रत्येकीला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग वाटलं, डबा बिचारा रिकामा उभा आहे. म्हणून फूल तांब्यात बुडवून त्याच्यावरही पाणी शिंपडलं. चांगलं मनापासून शिंपडलं. मागच्या जाळीतून आत किती गेलं ते दिसत नव्हतं.

संध्याकाळी साडेचारच्या आधी डिस्क परत बसवल्या आणि बटण दाबलं. डब्याने एक लांब शिट्टी मारली आणि पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं की डिस्क दिसत नाहीत. चारही समोर बसलेल्या, कपाळाला कुंकू लावलेल्या, आणि त्याला दिसत नाहीत. अनंतराव धावत आले. त्यांनी डबा उघडला, कार्ड बाहेर काढलं, ते उलटं करून पाहिलं आणि त्यातून एक अक्षता खाली पडली. कार्डावर पाण्याचा सुकलेला डाग होता, एक कोपरा काळा पडला होता. अनंतरावांनी ते खोडरबराने घासलं, हेअर ड्रायरने शेकलं, शेवटी नाकाला लावलं. मग अगदी बँकेच्या आवाजात म्हणाले, डिस्क चारही उत्तम आहेत. कार्ड गेलं.

आई टॅबलेट मांडीवर घेऊन दारात उभी होती. मी तिला म्हटलं, नेट गेलं आहे, उद्या येईल. ती बरं म्हणून परत गेली. आईशी खोटं बोलण्याची माझी तयारी नव्हती, पण खरं बोलण्याची त्याहून नव्हती.

पुढचे आठ दिवस मी त्या कार्डाचा जुळा भाऊ शोधला. रोशनीताईकडे जायचा सरळ रस्ता होता, फक्त दोन जिने चढायचे होते. पण अधीक्षक मरत नाहीत हे वाक्य मी भर गटात बोललो होतो आणि ते वाक्य त्या जिन्यावर बसलेलं होतं. पुष्करने पुणे, हैदराबाद, दिल्ली सगळीकडे विचारलं. कुठेच नाही. मग तो म्हणाला, असाच एक डबा त्याने बारा वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याला विकला होता. खात्याचं नाव त्याने सांगितलं आणि माझ्या अंगात एकदम बळ आलं. ते माझंच खातं होतं. तो डबा माझ्याच सहीने निर्लेखित झाला होता, म्हणजे कामातून काढून भंगारच्या खोलीत ठेवला होता.

माझ्या जागी आता प्रशिक हेडक्लार्क आहे. माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा खरोखर पडला. मग त्याने कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. निर्लेखित वस्तू अथवा तिचा कोणताही भाग लिलावाखेरीज कार्यालयाबाहेर नेता येणार नाही, माजी कर्मचाऱ्यांनी केलेली विनंती या बाबतीत विचारात घेऊ नये. खाली माझी सही. "सर, हे शेवटचं वाक्य तुम्हीच स्वतःच्या हाताने वाढवलं होतं," प्रशिक म्हणाला. मी विचारलं, लिलाव कधी आहे. तो म्हणाला, समिती नेमायची आहे. मसुदा चांगला आहे असं सांगून मी चहा संपवला आणि बाहेर पडलो.

आठ दिवस आईला मी नेट, लाइन, खोदकाम, टॉवर, सगळी कारणं सांगून पाहिली. नवव्या दिवशी साडेचारला तिने चहाचा कप खाली ठेवला आणि मला जवळ बोलावलं.

"कृष्णा, बिघडलं का गा ते?"

मी हो म्हटलं.

"मंग आठ दिवस काहून लपवून राहिला? मले वाटलं माझेच कान गेले."

ती हे अजिबात न रागावता बोलली. माझी रोजची नवी कारणं तिला पटली नव्हती; तिने आठ दिवस रोज हेडफोन लावून बघितलं होतं आणि कान गेले असं समजून कोणाला न सांगता बसली होती. मला माझी इतकी लाज वाटली की मी चप्पल न घालताच तिसऱ्या मजल्यावर गेलो.

रोशनीताईने मला अधीक्षकांवरून एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. ती खाली आली, डब्यातल्या डिस्क पाहिल्या, कुंकू पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला की दुसरी प्रत कुठे आहे. मी सांगितलं की चार डिस्क आहेत ना. ती म्हणाली, "काका, चार डिस्क म्हणजे चार प्रती नाही होत. एकाच प्रतीचे चार तुकडे आहेत ते. बापूजी 'भिवापूर' या डिस्कवर बोलून राहिले, 'मिरची' त्या डिस्कवर. कोणता तुकडा कशाच्या मागे, ते फक्त त्या कार्डाले माहीत होतं." मग क्रम काय होता असं तिने विचारलं. मी माझ्या डोक्यात पाहिलं. डोक्यात चार हिरवे दिवे होते, क्रम नव्हता.

पण तिने डाव सोडला नाही. आधी चारही डिस्कांची जशीच्या तशी नक्कल मोठ्या डिस्कवर काढली, म्हणजे काही चुकलं तर नकलेचं चुकेल. मग कॉम्प्युटरच्या प्रणालीलाच त्या कार्डाचं काम करायला बसवलं. चार डिस्क एकामागे एक लावायच्या चोवीस तऱ्हा होतात, शिवाय कार्डाने तुकडा किती लांबीचा कापला होता ते वेगळं. ती एकेक तऱ्हा लावून पाहत गेली. शनिवार गेला. अनंतराव शेजारी बसून होते आणि दर वेळी पुढची तऱ्हा नक्की बरोबर असणार असं सांगत होते. रविवारी दुपारी, वंदना त्यांना तिसऱ्यांदा पोहे देत असताना, पडद्यावर फायलींची नावं दिसायला लागली. मोजली. चारशे बारा. ज्याला मी अतिरिक्त कार्यभार म्हणून हिणवलं होतं, त्याने दीड दिवसात माझ्या अधीक्षकाचं सगळं रजिस्टर वाचून दाखवलं. अनंतराव उठले आणि रोशनीताईला म्हणाले की बँकेतही शेवटी असंच करायला हवं होतं. एवढी कबुली त्यांनी पूर्वी कधी कोणाला दिली नव्हती.

मी आईला हाक मारणार तोच रोशनीताईने थांबवलं. नावं दिसली म्हणजे आवाज आलाच असं नाही. एखाद्या ठिकाणी तुकडा चुकीचा लागला असेल तर फोन मधेच तुटेल, कुठे तुटेल ते यंत्र सांगू शकत नाही. कोणीतरी प्रत्येक फोन शेवटपर्यंत ऐकायला हवा. आईला तुटका फोन ऐकवायचा नव्हता. तेव्हा ऐकणारा मीच. तपासणी म्हटल्यावर मला थोडा हुरूपही आला. वही घेतली, रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, कालावधी, शेरा.

पहिला फोन लावला. बापूजी मिरचीबद्दल बोलत होते. मधेमधे माझा आवाज येत होता: "हो. हो, बरोबर आहे." त्यामागे ठक्, ठक्. तो शिक्क्याचा आवाज होता. तेव्हा मी काय करत होतो ते मला आठवलं. फोन स्पीकरवर टाकून फाइलींच्या गठ्ठ्यावर ठेवलेला असे आणि मी टपालावर शिक्के मारत असे. दर पाचसात वाक्यांनंतर आवाज थांबला की हो, बरोबर आहे म्हणायचं. सहा वर्षं मी बापूजींशी असा बोललो. वीस फोन असेच गेले. शेऱ्यात मी "ठीक" लिहीत गेलो.

एकविसाव्या फोनमध्ये बापूजी त्याच सुरात म्हणाले, "आन आपला तो बोकड आहे नं, तो तलाठ्याची परीक्षा पास झाला."

"हो, बरोबर आहे," मी म्हणालो. ठक्.

मग फोनपासून थोडं दूर तोंड करून बापूजी हळूच म्हणाले, "पाह्य वं, ऐकून नाही राहिला." आणि मागून आईचं हसू.

मी फोन थांबवला. पुन्हा लावला. मग पुढचे लावत गेलो. पुढच्या वर्षी बोकड नायब तहसीलदार झाला, मी बरोबर आहे म्हणालो. त्याची उमरेडला बदली झाली, मी बरोबर आहे म्हणालो. कोरोनात त्याने सगळ्या शेळ्यांना पास वाटले. मग तो तहसीलदार झाला, एका चौकशीत अडकला, निर्दोष सुटला. बापूजी आईला हसवायला दर फोनला नवा मजकूर जुळवून सांगत होते आणि त्यावर मंजुरीचा शिक्का मी मारत होतो. एका फोनमध्ये आई त्यांना म्हणाली, तो ऐकतच नाही तर ठेवून द्या ना, काहून घसा कोरडा करता. त्यावर बापूजी म्हणाले, "ठेवत नाही ना पण तो. कामात असून कानाशी धरून बसला आहे. तेवढं पुरे."

कानाशी धरलेला नव्हता तो. गठ्ठ्यावर पडला होता. हे सांगायला आता कोणी नव्हतं.

वहीचे रकाने भरायला पाच दिवस लागले. वंदना येऊन चहा ठेवायची आणि न विचारता जायची. शेवटचा, चारशे बारावा फोन एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता. बापूजींना दम लागत होता. मिरचीचं काही बोलले नाहीत.

"बोकड रिटायर झाला गा," ते म्हणाले. "म्हणते, आता भिवापूरलेच येऊन राहतो. तू बी ये एक दिवस. घर दाखवतो त्याले, तुले बी दाखवतो. गच्ची नवीन केली."

"हो, बरोबर आहे," मी म्हणालो. मग ठक्. मग लाइन बंद.

फोन कुठेही तुटला नव्हता. मी शेरा लिहिला नाही. त्यानंतर त्या घरी मी गेलो तो बापूजींच्या अंत्ययात्रेलाच, आणि तेव्हा वर बघायचं कोणाला सुचलं नव्हतं.

रोशनीताईने विचारलं, काका, कुठे आवाज तुटला का. मी म्हटलं, नाही, सगळे शेवटपर्यंत नीट आहेत. तिने त्याच संध्याकाळी तीन पेन ड्राइव्ह भरले. एक मी स्वतः बहिणीला भंडाऱ्याला पाठवला.

आई साडेचारला बसली. मी पहिल्यांदाच तिच्याजवळ खुर्ची ओढली. तिने हेडफोन लावले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एका कानावरचा काढून विचारलं, "सगळे ऐकले?"

मी मान हलवली. मला आणखी पुष्कळ सांगायचं होतं. कानाशी धरलेला नव्हता, हेही सांगायचं होतं. पण तोंडातून एवढंच आलं की आई, उद्या भिवापूरला जाऊ. चावी घेऊ, गच्चीवर बसू, दोन दिवस राहू.

आईने चहाचा एक घोट घेतला. कपाकडे बघत, अगदी माझ्याच सुरात म्हणाली, "हो. हो, बरोबर आहे."

आणि हेडफोन पुन्हा कानाला लावला.